खाली नेताना बाहेरून बघायचं

१२ जानेवारी

चि. खारुताईस अनेक आशीर्वाद.

आधी सगळ्यांची हजेरी घेतो, मग बाकीचं. जावईबापूंची जळजळ कशी आहे? उपाशीपोटी चहा पिऊ नका म्हणावं, ऐकणार नाहीत हे मला ठाऊक आहे. सासूबाईंच्या गुडघ्यांना थंडीत शेक देतेस ना? थोरलीची परीक्षा दोन महिन्यांवर आली, ती झोपते तरी का? धाकट्याचा पुढचा दात पडला असं जावईबापू फोनवर म्हणाले. नवा आला का? सात वर्षांचा झाला आणि मामानं त्याला पाहिलेलं नाही, तेव्हा दात पडलेलाच डोळ्यासमोर धरून बसलोय.

आणि तू. गळ्याजवळच्या गाठीचा तुकडा तपासायला काढला ती जागा भरून आली का? टाका ओढतो का? गिळताना काही टोचतं का? हे सगळं नीट लिही.

नऊ वर्षांनी पत्र लिहितोय म्हणून हात अवघडलाय. अक्षर वाकडं वाटलं तर ते वयामुळे आहे असं समज. तू छापखान्यात दिवसभर लोकांच्या चुका शोधतेस, माझ्या घरबसल्या सापडतील. चौथी नापास माणसाकडून याहून जास्त अपेक्षा करू नकोस.

आमच्याकडे म्हणशील तर तुझी वहिनी न्हाणीघरात घसरली, त्याला तीन महिने होतील. खुब्याचं हाड. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर एवढाच तिचा प्रवास, आणि त्या प्रवासाचा हमाल मी. तोंड मात्र शाबूत आहे. आत्ताच विचारत होती, "एवढं कोणाला लिहिताय? मला जन्मात कधी चार ओळींची चिठ्ठी नाही दिलीत." म्हटलं, तू कधी लांब गेली असतीस तर दिली असती.

दुकान चालू आहे. शाळा-कॉलेजांचे मायक्रोस्कोप दुरुस्तीला येतात, बुरशी धरलेली भिंगं येतात. परवा वायरमन आला आणि समोरच्या खांबावर भला मोठा दिवा लावून गेला. "आजोबा, तुमच्या दारात फोकस मारून दिलाय," म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, मी चाळीस वर्षं फोकसच लावतोय, पण माझ्या फोकसनं उजेड पडत नाही, नुसतं दिसतं. म्हातारं बरळतंय असं तोंड करून तो शिडी उचलून गेला.

तुझा रिपोर्ट 'काही आढळलं नाही' असा आल्याचं कळवायला जावईबापूंनी फोन केला, तेव्हा त्यांच्या आवाजात अक्षरशः उड्या होत्या. मीही हो हो, छान छान म्हणालो. वहिनीनं तर पलंगावरूनच टाळ्या वाजवल्या.

तरी माझं एक ऐक. पुन्हा एकदा तुकडा काढून तपासून घे. तुझ्या तुकड्याची स्लाइड इथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायला माझ्याकडे आली तेव्हा काचेला थोडा तडा होता. प्रवासात होतं असं. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी तशाच काचेवरून बघितलं. तेव्हा मनाची खात्री म्हणून. घाबरण्यासारखं काही नाही.

उत्तर लिही. जावईबापूंकडून निरोप नको, तुझ्या हातचं हवं.

तुझा,
दादा


२९ जानेवारी

चि. खारुताईस आशीर्वाद.

पत्र मिळालं असेल. उत्तर नाही, म्हणजे राग आहे. राग असला तरी तपासणी केलीस का तेवढं कळव. रागाचं आपण नंतर बघू, तो कुठे पळून जात नाही.

तुझ्या फोनवर माझा नंबर नऊ वर्षं बंद आहे, म्हणून थोरलीला लावला. तिचा वाजतच नाही. शेवटी इथल्या मोबाइलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, तिनं फोकस मोड लावलाय. अभ्यासाची पोरं लावतात. आपण कितीही बोंबललो तरी तिला कळत नाही." हे असं यंत्र निघालंय बघ. आपल्या वेळी दाराला आतून कडी लावायचो, पण कडी वाजवता तरी यायची.

हा शब्द हल्ली माझा पिच्छाच सोडत नाही. तुझ्या तिकडच्या हॉस्पिटलनं पहिल्या रिपोर्टात लिहिलं होतं, 'पेशींचा एक बारीक संशयास्पद फोकस, तज्ज्ञांचं मत घ्यावं.' मी ते तीनदा वाचलं. आमच्या धंद्यात फोकस लागला म्हणजे सगळं चांगलं झालं, गिऱ्हाईक खूश. आणि डॉक्टरांच्या भाषेत फोकस म्हणजे दुखणं जिथं दबा धरून बसतं ती जागा. रद्दीतून आणलेला माझा जाडा शब्दकोश काढला, तर त्यात आणखी तिसरंच. म्हणे फार जुन्या काळी या शब्दाचा अर्थ होता चूल. घरातली सगळी जिच्याभोवती बसतात ती. मग कोश मिटून ठेवला. आपली चूल कधी विझली ते मला कोशात बघायला नको.

ते लिहूनच टाकतो. तू पस्तिशीत, थोरलीला सासूबाईंवर सोपवून, पदवीच्या शेवटच्या परीक्षेला बसली होतीस. आई इथं आजारी पडली. मी तुला कळवलं नाही. तुझे सात पेपर होते. म्हटलं, एवढ्या वर्षांनी पोरगी हट्टाला पेटलीय, तिचं लक्ष उडायला नको. आई रोज विचारायची, "खारू निघाली का रे?" मी म्हणायचो, "निघालीय, गाडीत आहे." अकरा दिवस तुला गाडीत बसवून ठेवलं मी. तू आलीस तेव्हा आई गेलेली होती, आपण फक्त घर धुतलं.

तू तेव्हा उंबऱ्यात उभी राहून एकच वाक्य बोललीस, "माझं काय बघायचं आणि काय नाही, हे तू कोण ठरवणार?"

तरीही स्लाइड माझ्याकडे पाठवायची वेळ आली तेव्हा तू काय म्हणालीस ते जावईबापूंनी मला सांगितलंय. "काच असेल तर दादाच्याच हातात द्या." हे वाक्य त्यांनी सांगायला नको होतं.

आता एक गोष्ट. मागच्या पत्रात लिहिली नाही. स्लाइड आली त्या दुपारी मोठे डॉक्टर गावाला होते, दोन दिवसांनी येणार होते. ती डबी टेबलावर ठेवून मला राहवेना. मी ती आपल्या जुन्या पितळी मायक्रोस्कोपखाली लावून बघितली. तुझ्या लहानपणीचाच तो, ज्याच्याखाली तू मुंगीचे पाय बघायचीस. तिकडच्या डॉक्टरांनी काचेवर शाईनं बारीक कडं काढून ठेवलं होतं, नेमकं कुठं बघायचं ते कळावं म्हणून. मी त्या कड्यात बघितलं. एक डोळा भिंगाला, दुसरा उघडा कागदावर, तुला शिकवलं होतं तसं. आणि जे दिसलं त्याचं पेन्सिलनं चित्र काढलं.

ते मला साधं वाटलं नाही, खारुताई. मी डॉक्टर नाही, नुसता मायक्रोस्कोपच्या नळ्या पुसणारा माणूस. पण चाळीस वर्षांत भिंगाखालचं बरंच पाहिलंय. म्हणून म्हणतो, तपासून घे.

लवकर लिही.

दादा


१७ फेब्रुवारी

चि. खारुताईस.

हे पत्र छापखान्याच्या पत्त्यावर, रजिस्टर करून, तुझ्याच सहीनं मिळेल असं पाठवतोय. कारण काय ते सांगतो. घाईनं पान उलटू नकोस.

काल जावईबापूंचा फोन आला. कुशल विचारून झालं. मग म्हणाले, "दादा, खरं सांगू का? तुमची दोन्ही पत्रं माझ्या कपाटात आहेत. तिनं पाहिलेली नाहीत."

"का हो?"

"पाकिटावरचं अक्षर बघून ती चार दिवस जेवली नसती. आता कुठं हसायला लागलीय. सकाळी कामाला जाताना गुणगुणते."

"आणि मोठ्या डॉक्टरांनी नव्यानं पाठवलेला कागद?"

"तोही आलाय. वाचलाय मी. बघा, थोरलीचा शेवटचा पेपर पंधरा मार्चला आहे. तेवढं होऊ द्या, सोळा तारखेला मीच हिला हॉस्पिटलात घेऊन जातो. घरात आत्ता हे काढलं तर पोरीचा फोकस जाईल हो."

मी फोन कानाला धरून उभाच राहिलो. वहिनी विचारतेय काय झालं, काय झालं. नऊ वर्षांपूर्वी मी हेच म्हणालो होतो. त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांनी माझीच नक्कल केलीय, आणि मूळ प्रतच चुकलेली होती. त्यांना रागवावं अशी माझी लायकी नाही. "अहो, आजच सांगा तिला," एवढं म्हणालो, तर ते म्हणाले, "दादा, निदान तुम्ही तरी मला हे सांगू नका." आणि फोन ठेवला.

छापखान्यात फोन लावला. एका मुलीनं उचलला, म्हणाली, बाई प्रुफं बघताहेत, कोण बोलतंय? मी सांगितलं, भाऊ. ती आत गेली आणि परत येऊन म्हणाली, "बाई म्हणतात, त्यांना भाऊ नाही." बिचारी मुलगीच ओशाळली. तुझं चुकलं असं म्हणत नाही. तुला कारण ठाऊक नव्हतं.

स्वतः आलो असतो. दोन दिवसांची गाडी, दोन दिवस परत. वहिनीला उचलायला दुसरं कोणी नाही. शेजारणीला विचारलं, तिची स्वतःची पाठ धरलीय. ही म्हणतेय, "जा तुम्ही, मी पडून राहीन." चार दिवस पडून कशी राहील? काल मी चपला घालून दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

तेव्हा उरलं हे पत्र. आता सरळ लिहितो.

काच प्रवासात तडकली नाही. माझ्या दारात डबी आली तेव्हा ती कापसात अगदी धड होती.

तुला आठवत असेल, आठ वर्षांची होतीस तेव्हा तुला पहिला नियम शिकवला तो. मायक्रोस्कोपची नळी खाली नेताना बाहेरून बघायचं, बाजूनं, भिंग काचेला टेकत नाही ना याच्यावर डोळा ठेवून. आत बघायचं ते नळी वर आणतानाच. तू दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दटावून सांगायचीस, "काका, आत बघत खाली न्यायचं नाही!" कॉलेजचे मास्तरसुद्धा तुला घाबरायचे. आमच्या धंद्यात याहून मोठा नियम नाही. मी तो शेकडो पोरांना शिकवला.

त्या दुपारी लहान भिंगानं चित्र काढून झालं. कड्याच्या आत पेशींचा तो बारीक पुंजका होता, पण कडा धूसर होत्या. मला वाटलं, थोडं जवळून बघू. कदाचित माझीच नजर चुकत असेल, मोठ्या भिंगाखाली ते साधंच निघेल. खरं सांगायचं तर मला ते साधं निघायला हवं होतं. मोठं भिंग फिरवून आणलं. पुंजका दिसला, धूसर. अगदी केसभर राहिलं होतं. डोळा काढवेना. वाटलं, डोळा काढला तर हरवेल. आणि आत बघत बघत मी नळी खाली नेली.

आवाज अगदी बारीक आला. नख मोडल्यासारखा.

शाईचं कडं होतं तिथंच भिंग घुसलं. काचेचा तेवढाच चुरा झाला. मी तो चुरा कागदावर झाडून घेतला, दुसऱ्या मायक्रोस्कोपखाली धरला, संध्याकाळपर्यंत शोधलं. काही उरलं नव्हतं. मग उरलेली काच जोडून डबीत ठेवली, आणि मोठे डॉक्टर आल्यावर त्यांना म्हणालो, प्रवासात फुटली.

त्यांनी उरलेलं बघितलं. तुझा बाकीचा तुकडा ज्यात बसवलेला होता त्या, काचेबरोबर आलेल्या मेणाच्या वडीतून नवे काप काढून बघितले. पण तो पुंजका इतका लहान होता की त्या एका कापातच होता. म्हणून त्यांनी लिहिलं, 'उपलब्ध भागात काही आढळलं नाही.' तुम्ही सगळ्यांनी वाचलं 'काही नाही'. आणि मी गप्प बसलो. तुम्ही हसत होतात. मला वाटलं, थोडे दिवस हसू दे. जाता जाता सांगितल्यासारखं सांगू, पुन्हा तपासा म्हणून. तू आईबद्दल जे म्हणाली होतीस तेच मी परत केलं. तुला काय दिसावं हे मी ठरवलं.

तुझं उत्तर येईना तेव्हा या महिन्याच्या सहा तारखेला डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. चित्र पुढे ठेवलं. त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरून बघितलं. मग म्हणाले, "माझ्या विद्यार्थ्यांना हा नियम तुम्ही शिकवायचात ना?" मी मान हलवली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "चित्र हा पुरावा होत नाही. पण मी ते खोटं म्हणणार नाही. त्यांना नवा तुकडा द्यायला सांगा. आधीच महिना वाया गेलाय, आता थांबू नका." त्याच दिवशी त्यांनी जुना रिपोर्ट रद्द केल्याचा कागद तुमच्या घरी आणि तिकडच्या हॉस्पिटलला पाठवला. हॉस्पिटलकडे नंबर जावईबापूंचाच आहे.

त्या कागदाची प्रत सोबत आहे. चित्रही पाठवतोय, ते दुसरीकडे कुठंच नाही. तू स्वतः बघ. तुला भिंगाखालचं वाचता येतं. काय करायचं ते तू ठरव. थोरलीला सांगायचं का, कधी सांगायचं, तेही तूच ठरव. मी काही ठरवत नाही.

एवढीच विनंती की तू हे वाचलंस हे मला कळू दे. मला पत्र लिहावंसं वाटणार नाही, ते समजतं. मग असं कर. हेच पत्र, लोकांचं तपासतेस तसं, लाल पेनानं चुका काढून परत पाठव. मायना लिहू नकोस, सही करू नकोस. लाल खुणा दिसल्या की मी समजेन, तुझी नजर यावरून गेली.

दादा


६ मार्च

चि. खारुताईस आशीर्वाद.

पाकीट आज मिळालं. वर तुझं अक्षर बघून वहिनी रडायलाच लागली, मग मलाच ओरडली, "उभे काय राहिलात, फोडा की!"

माझंच पत्र. लाल खुणा. पहिल्या पानावर चौदा, दुसऱ्यावर सोळा. वेलांट्या, उकार, मी जोडलेले शब्द तू तोडलेस, तोडलेले जोडलेस. समासात प्रश्नचिन्हही केलंयस एका ठिकाणी, 'चपला घालून दारापर्यंत' तिथं. त्याचा अर्थ काय लावायचा ते मला कळलं नाही. वहिनी म्हणते, ती विचारतेय, मग पुढे का नाही आलास. असेल.

मग तिसरं पान. 'आत बघत बघत मी नळी खाली नेली.' या वाक्यात 'नळी'वर तू खूण केलीयस. ती शेवटची.

त्याच्यापुढे एकही नाही. दीड पान तसंच. मी चष्मा लावून बघितलं, भिंग घेऊन बघितलं, दारात त्या वायरमनच्या दिव्याखाली उभा राहून बघितलं. चुका तर तिथंच जास्त आहेत, मलासुद्धा दिसताहेत. मग तू वाचायची थांबलीस का तिथं? पत्र मिटलंस आणि पाकिटात घातलंस? की पुढचं इतकं वाचलंस की चुका दिसल्याच नाहीत? सकाळपासून मी हे दोन्ही आळीपाळीनं खरं मानून बघतोय. पहिलं खरं असेल तर डॉक्टरांनी काय सांगितलं तिथपर्यंत तू पोचलीच नाहीस.

डॉक्टरांच्या कागदाची प्रत परत आलीय, नीट घडी घातलेली. घडी माझी की तुझी ते ओळखू येत नाही.

चित्र मात्र पाकिटात नाही. पाकीट उलटं करून झटकलं, कडा उसवून आत बोट घालून बघितलं. पोस्टात जाऊन खिडकीवरच्या माणसालाही विचारलं, वाटेत काही पडलं का. तो म्हणाला, "बंद पाकिटातून काय पडणार, आजोबा?" खरं आहे. म्हणजे ते तुझ्याकडे आहे. ठेवलंस की फाडलंस, हॉस्पिटलमध्ये नेलंस की टेबलाच्या खणात टाकलंस, मला कळायला मार्ग नाही. जावईबापू फोन उचलत नाहीत. थोरलीचा अजून वाजत नाही.

वहिनी आता भिंत धरून चार पावलं टाकते. पाचवं टाकलं की मी तुझ्याकडच्या गाडीत बसायचं असं ती म्हणते. रोज सकाळी आम्ही मोजतो. ती चारवर थांबते, घामानं निथळते, आणि मलाच म्हणते, "उद्या."

तोवर तू लिही. माफ केलं असं लिहू नकोस, ते मी मागत नाही. जखम, सासूबाई, धाकट्याचा दात, काहीच लिहिलं नाहीस तरी चालेल. फक्त एक तारीख लिही, कधी जातेयस ती. होऊन गेली असेल तर तीच. कार्डावर, पाकिटावर, लाल पेनानं, कशानंही. पोस्टमन अकराला येतो, मी साडेदहापासून दारात असतो. लवकर लिही गं.

दादा